तातडीचे आवाहन : ऊन तापण्याआधी लॅपटॉपचे झरोके मोकळे करा

होळी पेटली की थंडी पळते, असे आपल्याकडे म्हणतात. थंडी गेली. आता पहिला पाऊस पडेपर्यंत नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव, परभणी इथला दुपारचा पारा चाळिशीभोवती आणि तिच्याही वर फिरत राहील. पुण्या-नाशकातली दुपारही भाजून काढेल आणि कोकण-गोव्यात अंगावरचा घाम वाळणार नाही. नेमक्या याच दिवसांत घरातला लॅपटॉप सर्वांत जास्त राबतो. मार्चअखेरचे हिशेब, सीईटीचा अभ्यास, कॉलेजप्रवेशासाठी लागणारे दाखले, मुलांचे सुट्टीतले गेम आणि घरून चालणारी कंपनीची कामे, सगळा भार त्याच्यावर. मग दुरुस्तीच्या दुकानात ठरलेली तक्रार येते : "लॅपटॉप स्लो झालाय, मध्येच बंद पडतो. जरा फॉरमॅट मारून द्या."

लॅपटॉप वापरणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे : फॉरमॅट मारू नका, निदान एवढ्यात तरी नको. आधी लॅपटॉपच्या जाळीतून गरम हवा नीट बाहेर पडते आहे का, ते पाहा. ती पडत नसेल, तर विंडोज कितीही वेळा नव्याने टाका, रॅम वाढवा, नवा एसएसडी बसवा. दुखणे जागच्या जागी राहील. हे काम याच आठवड्यात करा. मे महिन्यात, फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला मशीन बंद पडल्यावर ते करायला सवड मिळणार नाही.

उष्णता तयार होते, ती बाहेर जायलाच हवी

साध्या लॅपटॉपमधला प्रोसेसर 15 ते 28 वॅट वीज खातो. व्हिडिओ एडिटिंगचे किंवा गेमिंगचे मशीन असेल तर 45 वॅट आणि त्याहून जास्त. शिवाय ग्राफिक्स कार्डाची वीज वेगळी. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर असते ती साधी सोल्डरिंगची इस्त्री 25 वॅटची असते आणि तिच्या टोकाशी शिसे वितळते. साधारण तेवढी, जड मशीन असेल तर त्याहून जास्त उष्णता तुमच्या लॅपटॉपमध्ये एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या चिपमधून निघत असते.

ती बाहेर नेण्याची वाट ठरलेली आहे. चिपवर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर धातूची पट्टी, तिला जोडलेली तांब्याची चपटी नळी म्हणजे हीट पाइप. या नळीत बहुधा थोडेसे पाणी असते, तेही अगदी कमी दाबाखाली. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला वाफेचे पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते परत येते. दुसऱ्या टोकाला धातूच्या पातळ पट्ट्यांची दाट रांग असते आणि तिच्यावर पंखा वारा मारतो. थंड हवा खालच्या जाळीतून आत, गरम हवा बाजूने किंवा बिजागरीजवळून बाहेर. या वाटेत एक जागा अडली की पुढचे सगळे अडले.

बहुतेक वेळा ती कुठे अडते, हे मागचे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. झाकण उघडले की पंखा वरवर स्वच्छच दिसतो. घाण असते ती पंखा आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत. धूळ, केस, कपड्यांचे तंतू आणि स्वयंपाकघरातला तेलकट धूर यांची दाबून बसलेली करडी पट्टी तिथे तयार होते. चिमट्याने तिचे एक टोक धरून ओढले, तर बरेचदा ती अखंड निघते. पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो आणि हवा मात्र त्या पट्टीला आपटून मागे येत असते.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांजवळ राहणाऱ्यांनी, जिनिंगच्या गावांतल्या लोकांनी, साखर कारखान्याची काजळी अंगणात पडते अशा भागातल्या घरांनी आणि शेजारी बांधकाम चालू असलेल्यांनी ही गोष्ट जास्त मनावर घ्यावी. रोजची उदबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि घरातली मांजरही धुळीच्या या पट्टीत आपापला वाटा टाकतात.

उन्हाळ्याचा हिशेब

लॅपटॉपचा पंखा म्हणजे एसी नव्हे. खोलीतलीच हवा तो आत घेतो. त्यामुळे चिपचे तापमान कायम खोलीच्या तापमानाच्या वरच राहते. समजा, एखादे काम करताना चिप खोलीपेक्षा 60 अंशांनी जास्त तापते. डिसेंबरमध्ये खोली 25 अंशांवर असेल तर चिप 85 वर राहील आणि काम सुरळीत चालेल. तेच काम मे महिन्यात पत्र्याखालच्या 42 अंशांच्या खोलीत केले, तर हिशेब 102 वर जातो. लॅपटॉपच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा मॉडेलप्रमाणे साधारण 95 ते 105 अंशांच्या दरम्यान असते. मर्यादा जवळ आली की चिप स्वतःच वेग कमी करते. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात आणि आपण म्हणतो, "लॅपटॉप हँग व्हायला लागला." वेग कमी करूनही भागले नाही, तर मशीन स्वतःला बंद करते. अर्धवट टाइप केलेला अर्ज जातो तो इथे.

म्हणजे थंडीत चालून गेलेली धूळ उन्हाळ्यात चालत नाही. बहुतेक कंपन्या आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालच्या हवेची कमाल मर्यादा 35 अंश सांगतात. अॅपल मॅकबुकसाठी 10 ते 35 अंश सांगते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी विदर्भातली किती घरे या मर्यादेत बसतात, हे ज्याने त्याने पाहावे.

पंखा काय सांगतो, ते ओळखा

पंख्याचा आवाज नकोसा वाटला म्हणून तो सॉफ्टवेअरमधून बंद करणे, सायलेंट मोडवर टाकून जड काम चालवणे, असले प्रकार सर्रास होतात. कृपया करू नका. पंखा वाजतो आहे, तोवर तो उष्णता बाहेर काढायची धडपड करतो आहे. त्याच्या वागण्याचे अर्थ साधे आहेत.

मशीन सुरू करताना एकदा जोरात फिरून शांत झाला, तर काळजी नाही. वेब पेज उघडताना किंवा मीटिंग सुरू होताना वेग वाढला आणि काम संपल्यावर मिनिटभराने उतरला, तरीही ठीक. चिपचे तापमान दोन-तीन सेकंदांत पन्नासवरून नव्वदवर उडी मारू शकते. पंखा मात्र मुद्दाम थोडा थांबून वेग घेतो आणि थांबूनच सोडतो, नाहीतर दर क्षणी त्याचा सूर बदलत राहिला असता.

काहीही उघडलेले नसताना पंखा सतत जोरात फिरत असेल, तर आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून सर्वांत वर कोण आहे ते पाहा. विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी असेल तर ती संपू द्या. ब्राउझर असेल तर उघडे पडलेले टॅब बंद करा. अनोळखी नाव सतत वर दिसत असेल, तर तुमच्या मशीनवर कोणीतरी चोरून क्रिप्टोचे मायनिंग चालवत असण्याचीही शक्यता आहे. व्हायरस तपासणी करून घ्या. सीपीयू मोकळा आणि पंखा तरीही जोरात, असे असेल तर दोष धुळीचा किंवा वाळलेल्या पेस्टचा.

खरखर, घरघर, टकटक ऐकू येत असेल तर पंख्याचे बेअरिंग गेले आहे किंवा पात्यात काहीतरी अडकले आहे. अडकलेले काढूनही आवाज राहिला, तर पंखा बदलायची वेळ आली.

आणि सर्वांत वाईट लक्षण म्हणजे शांतता. पंखा असलेले मशीन हाताला चटका देण्याइतके तापले आहे आणि आवाज मुळीच नाही, तर पंखा बंद पडला आहे. काही कंपन्यांची मशीन सुरू होतानाच पंख्यात बिघाड असल्याचा संदेश दाखवतात. लोक एंटर दाबून पुढे जातात आणि महिनोन्‌महिने तसेच काम करतात. तो संदेश दिसला त्याच दिवशी लॅपटॉप दुरुस्तीला द्या. (2020 नंतर आलेल्या मॅकबुक एअरसारख्या काही यंत्रांत पंखाच नसतो, त्यांची शांतता हा दोष नव्हे.)

कागदाच्या पट्टीची परीक्षा

ही परीक्षा कोणीही करू शकेल. लॅपटॉप टेबलावर ठेवा, दहा-पंधरा मिनिटे जड काम द्या आणि वर्तमानपत्राची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी गरम हवा निघते त्या जाळीसमोर धरा. पट्टी फडफडली आणि हवा चांगली गरम लागली, तर वाट मोकळी आहे. पंखा ओरडतो आहे, पण पट्टी जेमतेम हलते, तर आतल्या धातूच्या पट्ट्यांमध्ये धूळ बसली आहे. पट्टी फडफडते, पण बाहेर येणारी हवा कोमटच आणि प्रोसेसर मात्र शंभरीला टेकलेला, तर उष्णता चिपपासून पुढे सरकतच नाही; थर्मल पेस्ट वाळली असणार. पाच-सहा वर्षे ऑफिसात वापरून झालेले सेकंड हँड लॅपटॉप विद्यार्थी मोठ्या संख्येने घेतात. त्यांनी तर हे आवर्जून तपासावे.

आकडे पाहायचे असतील तर विंडोजसाठी एचडब्ल्यूइन्फो, एचडब्ल्यूमॉनिटर, कोअर टेम्प यांसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत. लिनक्सवर सेन्सर्स ही आज्ञा आहे. टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचे तापमान दाखवू शकतो, प्रोसेसरचे दाखवत नाही. काम नसताना 40 ते 55, रोजच्या कामात 50 ते 70, जड कामात 80 ते 95 असे आकडे दिसले तर घाबरू नका. उन्हाळ्यात पहिल्या दोन आकड्यांत दहाएक अंश मिळवा. क्षणभर 95 दिसले, तर त्याला फारसा अर्थ नाही. साध्या कामात पंधरा-वीस मिनिटे आकडा नव्वदीखाली उतरतच नसेल, तर मात्र दुरुस्तीचे दुकान गाठा.

खरा धोका बॅटरीचा

प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. लिथियम-आयन बॅटरीला मात्र इतका ताप सोसत नाही. सर्वसाधारणपणे 45 अंशांच्या वर ती चार्ज करू नये असे मानतात. पूर्ण चार्ज आणि सतत उष्णता, ही जोडी तिचे आयुष्य झपाट्याने कमी करते. आतली रसायने बिघडली की वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते.

बॅटरीचा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे कंपन्यांनाही महागात शिकावे लागले आहे. 2006 मध्ये डेलने आपल्या लॅपटॉपमधल्या सोनीच्या तब्बल 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या. जून 2019 मध्ये अॅपलने 15 इंची मॅकबुक प्रोच्या काही मॉडेलच्या बॅटऱ्या तापून पेट घेण्याच्या धोक्यामुळे बदलून द्यायला घेतल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ती मशीन विमानात आणू नका, असे प्रवाशांना सांगितले. हे दोष कारखान्यातले होते, धुळीचे नव्हते. पण बिघडलेली लिथियम बॅटरी काय करू शकते, हे त्यातून कळावे.

म्हणून ही लक्षणे लक्षात ठेवा : टचपॅड वर उचलला जाणे किंवा दाबला न जाणे, खालच्या झाकणाला फट पडणे, सपाट टेबलावर लॅपटॉप डगमगणे, झाकण नीट न मिटणे. यांतले काहीही दिसले तर मशीन बंद करा, चार्जर काढा, पुन्हा चार्जिंगला लावू नका. पडदे, गादी, कागद यांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला न्या. फुगा दाबून बसवू नका, टाचणीने हवा सोडू नका. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात दाबली गेली की ती पेट घेऊ शकते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती त्यांना पार पाडायला लावा.

धूर, फुसफुस किंवा उग्र रासायनिक वास आला, तर लॅपटॉप उचलायला जाऊ नका. शक्य असेल तर मेन स्विच बंद करा, घरातल्यांना बाहेर काढा, खोलीचे दार लावा आणि 101 किंवा 112 ला फोन करा. यंत्र पुन्हा मिळेल.

हे आजपासून करा

1. लॅपटॉप टेबल, पाट किंवा लाकडी फळीवरच ठेवा. गादी, उशी, रजई, सोफा बंद. खालची जाळी गादीत रुतली की पंख्याला हवाच मिळत नाही.

2. मागच्या बाजूला दोन वह्या ठेवून लॅपटॉप इंचभर उचला. महागड्या कूलिंग पॅडआधी हा उपाय करून पाहा.

3. मांडीवर तासन्‌तास ठेवू नका. काश्मीरमध्ये अंगाशी निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांच्या कातडीवर जसे जाळीदार डाग पडतात, तसेच डाग रोज मांडीवर लॅपटॉप घेऊन गेम खेळणाऱ्या 12 वर्षांच्या मुलाच्या मांडीवर पडल्याची नोंद स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये केली आहे.

4. बॅगेत घालण्याआधी पूर्ण शट डाउन करा. नुसते झाकण मिटले तर बरीच नवी मशीन अर्धवट जागी राहतात, बॅगेतच अपडेट सुरू करतात आणि बंद बॅगेत तापतात.

5. दिवसभर चार्जर लावूनच काम करत असाल, तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चार्जिंगची मर्यादा 80 टक्के करा.

6. व्हिडिओ रेंडर करणे, मोठे डाउनलोड, गेम ही कामे दुपारी बाराऐवजी पहाटे किंवा रात्री करा.

7. लॅपटॉप उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका.

8. वर्षातून एकदा, शक्यतो मार्चमध्ये, आतून सफाई करून घ्या. पेस्ट दोन-तीन वर्षांनी तपासून घ्या. वॉरंटी असेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्रातच.

आणि हे चुकूनही करू नका

घरच्या व्हॅक्युम क्लीनरचे तोंड जाळीला लावू नका. त्यातून स्थिर वीज तयार होते. ब्लोअर मारायचाच असेल, तर पंख्याचे पाते काडीने अडवून धरा. वाऱ्याने तो भन्नाट फिरला की बेअरिंग जाते. पंख्यात खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल सोडू नका, धूळ आणखी चिकटते. तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवू नका. आत दव धरते आणि बोर्ड खराब होतो. ओला फडका खाली घालू नका. विदर्भ-खानदेशातल्या मंडळींनी कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नये. त्या वाऱ्यात पाण्याचे बारीक थेंब असतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षारही त्यासोबत आत जातात. खोली गार होईल एवढ्या अंतरावर कूलर असला, की पुरे.

ज्यांच्या हातात अनेकांची मशीन आहेत, त्यांना

महा ई-सेवा केंद्र आणि सेतू चालवणाऱ्या मित्रांनो, तुमच्याकडची मशीन पत्र्याखाली सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतात आणि तुमच्या दारात दाखल्यांसाठी रांग असते. प्रवेशाची गर्दी सुरू होण्याआधी ती साफ करून घ्या. मशीन भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा.

शाळा-कॉलेजांच्या संगणक विभागांनी सुट्टी लागताच लॅपटॉप कपाटात कोंडण्याआधी त्यांची सफाई करावी, बॅटऱ्या तपासाव्यात आणि त्या निम्म्या चार्जवर ठेवाव्यात.

घरून काम करायला लॅपटॉप देणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या आयटी विभागांनी भर दुपारच्या अँटिव्हायरस तपासण्या रात्रीवर न्याव्यात, पंखा वाजतो अशी तक्रार आली की "रिस्टार्ट करा" एवढ्यावर बोळवण करू नये आणि फुगलेल्या बॅटरीला त्याच दिवशी बदली द्यावी. कर्मचाऱ्यांनीही ऑफिसचे मशीन आहे म्हणून गप्प बसू नये. ते मशीन तुमच्या घरात, तुमच्या मुलांजवळ चालू असते.

दुरुस्ती करणाऱ्या बांधवांनाही विनंती आहे. स्लो मशीन आले की फॉरमॅटचे पैसे लावण्याआधी तापमान पाहा आणि गिऱ्हाईकाला आकडा दाखवा. सफाईचे काम काही शे रुपयांचे असते. उशिरा आलेल्या मशीनच्या मदरबोर्डाचे बिल हजारांत जाते. ज्याचे ते बिल तुम्ही टाळून दिले, ते गिऱ्हाईक परत तुमच्याकडेच येते.

आणि घरातल्या थोरामोठ्यांना सांगणे एवढेच : मुलगा गादीवर लोळून लॅपटॉप वापरत असेल, तर त्याला टेबलाशी बसवा. मानही ताठ राहील आणि मशीनही गार राहील.

हे वाचून झाल्यावर वर्तमानपत्राची एक पट्टी फाडा आणि आपल्या लॅपटॉपसमोर धरा. ती हलली नाही, तर उद्या सकाळीच तो सफाईला द्या.